परदेशात टिप किती ठेवलीत? अनुभव लिहा

गेल्या वर्षी मे महिन्यात आई-अप्पांना घेऊन भावाकडे डॅलसला गेले होते. पहिल्याच शनिवारी एका टेक्स-मेक्स हॉटेलात जेवायला गेलो. अप्पांनी हट्टाने बिल स्वतःकडे घेतलं. कर धरून ९४ डॉलर झाले होते. काळ्या फोल्डरमध्ये पैसे ठेवून त्यांनी वर पाचची एक नोट ठेवली, आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत ठेवतात तशी, अगदी मनापासून. वाढणाऱ्या मुलीने फोल्डर उघडला आणि तिचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?" असं तिने भावाला हळूच विचारलं. भावाने काही न बोलता आणखी पंधरा डॉलर ठेवले आणि गाडीत बसल्यावर सगळं समजावून सांगितलं.

टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा केंद्रीय दर १९९१ पासून तसाच आहे. बाकीचं टिपमधून यायचं असतं. टिप धरूनही ७.२५ डॉलरचं किमान वेतन भरलं नाही तर उरलेले मालकाने द्यायचे, असा नियम आहे. म्हणजे आपण ज्याला खुशी समजतो तो तिथे पगारच आहे.

अप्पा त्या रात्री बराच वेळ गप्प होते. "तीन वेळा चिप्स भरून गेली गं ती पोर," एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतः कॉलेजात असताना खाणावळीत वाढप्याचं काम केलेलं आहे, म्हणून त्यांना ते जास्त लागलं.

म्हणून हा धागा काढते आहे. नुसते टक्के नकोत, ते कुठेही मिळतात. तुमच्या बाबतीत काय घडलं, बिलावर नेमकं काय लिहिलं होतं आणि ते पैसे कोणाच्या हातात गेले, हे माहीत असेल तर लिहा.

ह्यूस्टनहून

ताई, तुमच्या अप्पांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. पण तुम्ही विषय काढलाच आहे तर मी वेटरच्या बाजूने लिहिते. माझी मुलगी इथेच जन्मली, वाढली. कॉलेजच्या दोन उन्हाळ्यांत तिने एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसचं काम केलं.

रात्री साडेअकराला घरी यायची, बूट काढायची आणि एप्रनच्या खिशातल्या चुरगळलेल्या नोटा जेवणाच्या टेबलावर ओतून सरळ करत बसायची. एकाच्या नोटांची एक चळत, पाचच्यांची एक. त्या चळती पाहून मला आधी वाटायचं, बरे मिळतात की पोरीला! मग तिने मला टिप-आउट म्हणजे काय ते सांगितलं. दिवसभरात तिच्या टेबलांवर जितकी विक्री झाली त्याचे काही टक्के तिने टेबल पुसणाऱ्या मुलाला आणि बारवाल्याला द्यायचे. हा हिस्सा विक्रीवर काढतात, मिळालेल्या टिपवर नाही. नीट लक्षात घ्या. एखादं कुटुंब दीडशे डॉलरचं जेवून काहीच न ठेवता उठलं, तरी त्या दीडशेवरचा हिस्सा तिला द्यावाच लागतो. म्हणजे त्या कुटुंबाला वाढण्याचे पैसे तिने स्वतःच्या खिशातून भरले.

एका रविवारी आपल्याच मंडळींचं चौदा जणांचं टेबल तिच्याकडे आलं. पाणी बर्फाशिवाय, तीन पदार्थ कांद्याशिवाय, लहान मुलांसाठी वेगळ्या बशा. तिने सगळं प्रेमाने केलं, एका आजीशी मराठीतून बोललीसुद्धा. जाताना आजींनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. फोल्डरमध्ये टिपच्या रकान्यात शून्य होतं. घरी येऊन रडली. "आई, त्यांना माहीत नसेल गं," असं तीच मला म्हणत होती.

त्यामुळे मी पाहुण्यांना आधीच सांगते: बसून जेवायचं असेल तर १८ ते २० टक्के धरूनच घरातून निघा. तेवढं परवडत नसेल तर काउंटरवरून घेऊन बागेत बसून खाऊ, त्यात काही कमीपणा नाही. कॉफीच्या काउंटरवर हल्ली स्क्रीन फिरवून समोर धरतात आणि त्यावर १८, २०, २५ असे आकडे येतात. तिथे मात्र संकोच न करता 'नो टिप' दाबा. आणि सगळ्या राज्यांत २.१३ चालत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन इथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. तरीही टिपेची रीत तिथे तितकीच आहे.

नागपूरहून

ऑर्लँडोला आम्ही दोन कुटुंबं मिळून आठ जण होतो. बिलात १८ टक्के ग्रॅच्युइटी (तिकडे टिपलाच असं म्हणतात) आधीच धरलेली होती, पण कराच्या वरची ती बारीक ओळ आमच्या नजरेतून सुटली. खाली टिपचा रकाना मोकळा दिसला म्हणून त्यात आणखी २० टक्के लिहून सही केली. हॉटेलवर येऊन पावती पाहिली तेव्हा कळलं. सहा किंवा जास्त माणसं असली की अनेक ठिकाणी ती आपोआप लावतात. मोकळा रकाना दिसला तरी आधी वरच्या सगळ्या ओळी वाचा.

म्युनिकहून

मी इथे एमएस करतोय. जर्मनीत बिल टेबलावर ठेवून उठून जायची पद्धत नाही. वेटर कमरेचं मोठं पाकीट घेऊन टेबलाशी येतो, एकत्र की वेगवेगळं ते विचारतो आणि आकडा सांगतो. पैसे देतानाच आपण टिप धरून एकूण किती ते बोलायचं. ३४.५० झाले तर चाळीस हातात देऊन "३७" म्हणायचं, मग तो तीन परत देतो. काहीच परत नको असेल तर "श्टिम्ट सो".

आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं काय झालं ते लिहितो. ३४.५० चं बिल होतं, मी पन्नासची नोट दिली आणि आपल्या सवयीने "डांके" म्हणालो. वेटर खूश होऊन आभार मानून गेला तो गेलाच. पैसे देताना "धन्यवाद" म्हणणं म्हणजे "बाकीचे ठेवा", असा इथे अर्थ होतो. साडेपंधरा युरो, म्हणजे माझा तीन-चार दिवसांचा भाजीपाला. परत मागायला जीभ रेटली नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी विमानतळावरच हे सांगतो: सुटे हातात पडेपर्यंत डांके म्हणू नकोस.

ठाण्याहून

आम्ही जपानला गेलो होतो. ओसाकात एका छोट्या इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू आणि छोटे पदार्थ मिळणाऱ्या हॉटेलात, जेवून मिस्टरांनी पाचशे येनचं नाणं टेबलावर ठेवलं. सिग्नलपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून पळण्याचा आवाज. ॲप्रन घातलेला विशीतला मुलगा धापा टाकत आला, दोन्ही हातांनी नाणं पुढे केलं आणि कमरेत वाकला. आम्ही खुणांनी "तुलाच ठेव" म्हणत होतो आणि तो तितक्याच नम्रपणे नाही म्हणत होता. शेवटी आम्हीच ते परत घेतलं. तो आणखी एकदा वाकला आणि पळत परत गेला.

दुसऱ्या दिवशी गाइडने सांगितलं, काही द्यायचंच असेल तर निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा. जेवण मिळालं, त्यामागच्या कष्टांबद्दल आभार, असा त्याचा भाव. पुढचे सहा दिवस म्हटलं, आणि दर वेळी आतून भटारखान्यातून कोणीतरी मोठ्याने उत्तर दिलं. मला ते फार आवडलं. आपल्याकडे "अन्नदाता सुखी भव" म्हणतात, त्याची आठवण झाली.

एक मात्र ध्यानात ठेवा. इझाकायात बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. आमच्या वाटीत मासळी होती, त्यामुळे शाकाहारी नणंदेने ती तशीच ठेवली. पैसे लागलेच, कारण ते एका परीने बसण्याचे पैसे आहेत.

सिंगापूरहून

मेन्यूत किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की थांबा. पहिलं १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं जीएसटीचं, जो २०२४ च्या जानेवारीपासून ९ टक्के आहे. आणि जीएसटी सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. १०० चं जेवण ११० होतं, मग ११९.९०. यावर वेगळी टिप कोणी अपेक्षित धरत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छोट्या स्टॉलच्या खाऊबाजारात, हे दोन्ही नाहीत, लिहिली असेल तीच किंमत. आई-बाबा आले की आम्ही तिथेच जास्त जेवतो.

कोल्हापूरहून

इटलीत कोपेर्तो! फ्लॉरेन्सला चौघांचे मिळून दहा युरो जास्त लागले म्हणून मी वाद घातला. वेटरने मेन्यू आणून शेवटच्या पानावरची ओळ दाखवली. पाव, रुमाल, टेबल यांचे माणशी अडीच युरो, तिथे छापलेले होते. माझीच चूक होती, मी माफी मागितली. कोपेर्तो दिला की टिप दिली नाही तरी कोणी वाईट मानत नाही. दुसरं म्हणजे, कॉफी काउंटरशी उभं राहून प्या. तीच कॉफी टेबलावर बसून घेतली तर दर वेगळा असतो, व्हेनिसच्या मोठ्या चौकात तर वादकांचे पैसेही वेगळे लावतात.

लिस्बनला याच्या उलट शिकलो. पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर आणून ठेवतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगायचं.

स्लाउ, इंग्लंडहून

लंडनमध्ये बिलाखाली १२.५ टक्के 'ऐच्छिक' सेवाशुल्क धरलेलं असतं. ऐच्छिक लिहिलंय म्हणजे काढून मागता येतं, सेवा खरंच वाईट असेल तर मी मागतो. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. एका ठिकाणी हे साडेबारा टक्के धरून झाल्यावर कार्डाच्या मशीनने पुन्हा टिप विचारली, आणि माझ्या सासऱ्यांनी मुकाट्याने १० टक्क्यांवर बोट ठेवलं. आधीच दिलेली आहे, हे समोर उभ्या माणसाने सांगायला हवं होतं.

पूर्वी हे पैसे मालक ठेवून घेतात अशी कुजबुज असायची. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू झाला आहे. टिप असो की सेवाशुल्क, करवजावट सोडली तर सगळं कामगारांनाच वाटलं पाहिजे, आणि वाटणी न्याय्य हवी. तेव्हापासून मी ते शुल्क क्वचितच काढायला लावतो.

डोंबिवलीहून

आम्ही ज्येष्ठ मंडळी ग्रुप टूरने युरोपला गेलो होतो. टूरचे सगळे पैसे आधी भरले होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माइकवरून सांगितलं, ड्रायव्हर आणि गाइडच्या टिपेचे माणशी रोजचे अमुक युरो आजच जमा करा. द्यायला ना नव्हती, ड्रायव्हर बिचारा सज्जन होता, प्रत्येकाची बॅग स्वतः उचलायचा. पण आम्ही मोजके युरो नेले होते. टूरच्या कागदात शेवटच्या पानावर ते होतं म्हणे. ते पहिल्या पानावर ठळक का छापत नाहीत? माझ्याबरोबरच्या एका बाईंनी नातवासाठी घड्याळ घ्यायचे पैसे त्यात दिले. बुकिंग करतानाच विचारा, टिप धरली आहे की वेगळी, आणि उत्तर लेखी घ्या.

सावंतवाडीहून

मी नऊ वर्षं क्रूझवर होतो, आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. आमच्या भागातली आणि गोव्यातली खूप मुलं या लाइनीत आहेत, म्हणून लिहितो.

बहुतेक मोठ्या जहाजांवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी तुमच्या खोलीच्या खात्यावर आपोआप चढते. ती वेटर, असिस्टंट वेटर, खोली साफ करणारा अशा सगळ्यांत वाटली जाते. आमचा मूळ पगार थोडा, खरं उत्पन्न यातूनच. सात-आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, त्यात सुटीचा पूर्ण दिवस नाही. आई फोनवर विचारायची, "रे, पगार किती तुझो?" मी काय सांगणार, तो पाहुण्यांवर ठरायचा.

शेवटच्या रात्री काही पाहुणे गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन ती रक्कम काढायला लावतात. त्यात सात दिवस मला "माय फ्रेंड" म्हणणारेही असतात. काहींना वाटतं, हे कंपनीच घेते, आपण हातात देऊ. आणि मग सकाळी उतरायच्या गडबडीत राहून जातं. हातात दहा डॉलर दिलेत तर मला मिळतात, पण आत भांडी धुणाऱ्याला, तुमची चादर बदलणाऱ्याला काही पोचत नाही.

एका सफरीत साताऱ्याकडचं एक वयस्कर जोडपं माझ्या टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी बिलाचा कागद पुढे करून विचारलं, "हे पैसे तुमच्यापर्यंत येतात ना?" नऊ वर्षांत असं विचारणारे ते एकटेच. मी हो म्हटलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि काकूंनी मला घरून आणलेला शेंगदाण्याचा लाडू दिला.

धागाकर्ती, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यूस्टनच्या ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवताना माझा आवाज भरून आला.

आपल्याकडच्या सेवाशुल्काबद्दल एका मैत्रिणीने विचारलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हॉटेलाने ते बिलात आपोआप लावू नये. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. तेव्हा बिलात दिसलं तर काढायला सांगा, आणि वेटरला जे द्यायचं ते त्याच्या हातात द्या.

सावंतवाडीच्या दादांचा प्रतिसाद अप्पांनी स्वतः फोनवर दोनदा वाचला. काल संध्याकाळी नेहमीच्या उडप्याकडे गेलो होतो. बिल आल्यावर अप्पांनी नोट बडीशेपेच्या बशीत न ठेवता वाढणाऱ्या मुलाला थांबवून विचारलं, "हे तुला मिळतात की गल्ल्यात जातात?" तो आधी बावरला. मग म्हणाला, "डब्यात टाकतो काका, रात्री सगळ्यांत वाटतो. मोरीवरच्या पोरालापण." अप्पांनी खिशातून आणखी एक नोट काढली आणि "त्याची वेगळी" म्हणून दिली.