कॅरिबियन शेजाऱ्यांचा संसार: आपण जवळून काय पाहिलेत?

२२ जून १९४८ रोजी कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून टिलबरी बंदरात उतरलेल्यांपैकी ज्यांची सोय नव्हती, त्यांना लंडनमध्ये क्लॅपहॅम साउथच्या युद्धकालीन भुयारात ठेवले गेले आणि रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला असल्याने अनेकांनी तिथेच बिऱ्हाड केले, हे पुस्तकांत सापडते. खोली, चूल, पैसा यांची जुळवाजुळव कशी झाली, हे मात्र शेजारीच सांगू शकतात. तसा शेजार लाभलेल्यांनी अवश्य लिहावे.

लंडनहून
आमच्या शेजारच्या आजी १९५८ साली जमैकाहून आल्या. घर नाकारताना रंगाचे कारण तोंडावर सांगितले जाई. त्याला कायद्याने मज्जाव झाला तो १९६८ मध्ये. तिघींत मिळून एक खोली, जिन्याच्या माथ्यावर सामाईक चूल, आणि उबेसाठी रॉकेलची शेगडी, जिचा वास चर्चला जायच्या कोटालाही येत असे. बँक कर्ज देईना, तेव्हा त्यांनी ‘पार्डनर’ धरली. दर आठवड्याला ठरलेली रक्कम ‘बँकर’ बाईकडे द्यायची आणि पाळी आली की सगळी रक्कम उचलायची, असे त्या समजावत असताना मला हसू आवरेना, कारण ही तर आपली भिशीच! (त्रिनिदादमध्ये हिला ‘सूसू’ म्हणतात.) नावांपुढे फुल्या मारलेली ती वही आजींनी मला दाखवली. एकही हप्ता चुकलेला नव्हता. “चुकवून जाणार कुठे? रविवारी चर्चमध्ये गाठ पडायचीच,” असे त्या म्हणाल्या. अशा दोन पाळ्यांतून घराची पहिली रक्कम उभी राहिली.

बर्मिंगहॅमहून
माझे एक सहकारी आठव्या वर्षी आईच्या पासपोर्टवर बार्बाडोसहून आले. १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायद्याने शाबूत असूनही, साठी ओलांडल्यावर त्यांच्याकडे इथल्या वास्तव्याचा प्रत्येक वर्षाचा पुरावा मागण्यात आला. शाळेचा दाखला मिळेना, म्हणून ते दुपारच्या सुट्टीत जुन्या पगारपत्रकांची वर्षवार चळत लावत बसत.

टोरांटोहून
कॅनडाने १९५५ पासून जमैका आणि बार्बाडोसच्या अविवाहित तरुणींना घरकामासाठी आणले. वर्षभराच्या नोकरीनंतर त्यांना दुसरे काम धरता येई. आमच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. त्यांच्या दिवाणखान्यात एक पिंप कायम उघडे असे. तांदूळ, साबण, सार्डिनचे डबे जसे स्वस्त मिळतील तसे त्यात पडत, आणि बुटांच्या पोकळीतसुद्धा मोजे कोंबले जात. पिंप भरले की बोटीने जमैकाला रवाना होई आणि त्याच जागी नवे येई.