शब्दचर्चा: ‘ग्राही’ कोण, पेशी की रेणू?

प्रश्न
एक अनुवाद तपासते आहे. विषय परिघीय (मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या) चेतासंस्थेतल्या गुच्छिका (गँग्लियन), जिभेवरच्या रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके) आणि तिथले न्यूरोपेप्टाइडांचे (चेतापेशींच्या संदेशवाहक रेणूंचे) ग्राही (रिसेप्टर). या वाक्यावर अडले: ‘रुचिकलिकांतील ग्राही न्यूरोपेप्टाइड वाय स्रवतात आणि त्याचे ग्राहीही तिथेच असतात.’ दोन्हीकडचे ग्राही एकच का? शिवाय, गुच्छिका बरोबर की गंडिका?

प्रतिसाद
एकच नाहीत. पहिला ग्राही म्हणजे चव ओळखणारी अख्खी पेशी, दुसरा म्हणजे पेशीच्या पटलात बसलेला प्रथिनाचा रेणू. हा घोळ मराठीने केलेला नाही, तो वारशाने आला. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्लीने १९०५ मध्ये निकोटिन आणि क्युरारी यांचा स्नायूंवरचा परिणाम पाहून पेशीत एखादे ग्रहणशील द्रव्य असावे असे मांडले; तो झाला रेणू. पुढच्याच वर्षी त्याच क्षेत्रातल्या शेरिंग्टनने ‘रिसेप्टर’ ही संज्ञा उद्दीपन टिपणाऱ्या संवेदी रचनांसाठी वापरली. दोन्ही अर्थ टिकले.
मी पेशीला ‘ग्राही पेशी’ म्हणेन. रेणूला नुसते ‘ग्राही’, पण तो काय धरतो ते आधी लावून: सीसीके (कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातले संप्रेरक) ग्राही, वाय१ (न्यूरोपेप्टाइड वायचा एक) ग्राही.

प्रतिसाद
गुच्छिका. मराठी विश्वकोशातही तीच आहे. गंड म्हणजे सूज, फुगवटा. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच, त्यामुळे व्युत्पत्तीने गंडिका जवळची. पण मनगटावर येणाऱ्या गाठीलाही डॉक्टर गँग्लियनच म्हणतात. इथे चेतापेशींचा पुंजका सांगायचा आहे.

प्रतिसाद
माझा आक्षेप ‘गुच्छिकेतील ग्राही’ या शब्दप्रयोगाला आहे. चेहऱ्याच्या चेतेवरची जेनिक्युलेट गुच्छिका घ्या. पेशींच्या काया तिथे, कानाच्या आतल्या हाडात. त्यांचे तंतू जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातल्या रुचिकलिकांपर्यंत गेलेले. ग्राहीचे प्रथिन मुख्यतः कायेत तयार होते आणि बरेचसे तंतूतून टोकाकडे रवाना होते. गुच्छिकेत एखाद्या ग्राहीचा आरएनए (प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप) सापडला, तर ती पेशी तो ग्राही बनवत असावी, एवढेच कळते. तो काम कुठे करतो, जिभेत, मेंदूकडच्या टोकाला की गुच्छिकेतच, हे वेगळे दाखवावे लागते. मराठीतला ‘-तील’ हा फरक गिळून टाकतो. म्हणून आरएनए मोजला असेल तर ‘गुच्छिकेतल्या पेशी हा ग्राही बनवण्याच्या तयारीत दिसतात’ असे लिहा. प्रथिनच रंगवून पाहिले असेल, तर ते कुठे दिसले ते लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या.
हीच गोष्ट व्हेगसच्या (मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या चेतेच्या) नोडोज गुच्छिकेची. तिच्या पेशी सीसीकेचा ग्राही बनवतात, पण जेवणानंतर आतड्यातून सुटलेले सीसीके मुख्यतः पोटातल्या टोकांपाशी पकडले जाते.

प्रतिसाद
थोडे अवांतर. न्यूरोपेप्टाइडला कुणी ‘मज्जापेप्टाइड’ सुचवले, तर नको म्हणा. अस्थिमज्जेशी गल्लत ठरलेली. चेतापेप्टाइड चालेल, पण न्यूरोपेप्टाइड रुळलेला आहे.
आणि ‘सबस्टन्स पी’ या न्यूरोपेप्टाइडचे ‘वेदनाद्रव्य’ करू नका. १९३१ मध्ये फॉन यूलर आणि गॅडम यांना तो घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सापडला; ‘पी’ त्या अर्काच्या भुकटीच्या (पावडरच्या) नावातला आहे, वेदनेच्या इंग्रजी शब्दातला नाही. वेदनेशी संबंध पुढे जोडला गेला, आणि त्याचा एनके१ ग्राही उलटीच्या केंद्रातही काम करतो.

प्रश्नकर्ती
आभार. वाक्य असे केले: ‘उंदरांच्या रुचिकलिकांतील काही ग्राही पेशींमध्ये न्यूरोपेप्टाइड वाय आढळते, त्याचे वाय१ ग्राही रुचिकलिकेतल्याच पेशींच्या पटलांत असतात.’ एकवचनात ‘वाय१ ग्राही आढळला’ की ‘आढळले’?

प्रतिसाद
‘आढळला’. प्रथिन नपुंसकलिंगी असले तरी ग्राही पुल्लिंगीच वापरतात. आणि ‘काही’ काढू नका, कुणी संपादक वाक्य आखूड करायला बसला तरी.