मदत हवी आहे: घरच्या घरी गोल्फमधल्या पटिंगचा अंदाज कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो. गोल्फ खेळायला पुणं गाठावं लागतं, त्यामुळे सराव बहुतेक घरीच. जवळचे पट (चेंडू जमिनीवरून होलकडे, म्हणजे खळग्याकडे, घरंगळवायचे हलके फटके) बऱ्यापैकी जातात. पण वीस-पंचवीस फुटांवरून चेंडू कधी अर्ध्यातच थांबतो, कधी होल ओलांडून लांब जातो. होलचा व्यास जेमतेम सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. चेंडू जोरात आला की कडेवरून गिरकी घेऊन बाहेर. त्यामुळे लांबच्या पटला दिशेपेक्षा वेग महत्त्वाचा, असं माझं ठाम मत झालंय.

शहाबादी फरशीवर पातळ गालिचा अंथरून खेळतो. सोलापुरी चादरही अंथरून पाहिली, पण विणीच्या उठावावर चेंडू उड्या मारतो. पुढे दोन नाणी ठेवतो, चेंडू नेमका मधून जातो. म्हणजे पटरचं (पट मारायच्या काठीचं) तोंड सरळ असावं.

आता गालिचा आणि ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) यांचा वेग वेगळा, मग अंतराचा अंदाज घरी कसा बसवायचा? पटर मागे किती न्यायचा ते ठरवून, की नजर होलवर ठेवून? आणि उतार ओळखायला कशावर शिकावं? सोलापुरात कुणी खेळत असेल तर जरूर कळवा, एकत्र सराव करू.