मदत हवी आहे : सोसायटीच्या पाण्याची महागाई नेमकी कशी मोजायची?

मंडळी, पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीत गेल्या वर्षी खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. (बाकीचे सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, मी तेवढा वर बघत होतो.) शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी, त्यामुळे टँकर चुकत नाहीत.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एका काकांनी विचारलं, "पेपरात महागाई साडेचार टक्के, आणि तुमचं पाणी तीन वर्षांत अडीचपट? मधले पैसे जातात कुठे?" सभा चिडीचूप. मलाही उत्तर देता आलं नाही.

वॉचमनच्या वहीवरून काढलेला हिशोब असा : एप्रिल २०२२ मध्ये १० हजार लिटरचे ६० टँकर, प्रत्येकी ९०० रुपये, म्हणजे ५४ हजार. एप्रिल २०२५ मध्ये ११० टँकर, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे १ लाख ३२ हजार. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार) हेही वाढलंय. दर महिन्याला भाव टिपून ठेवणारी एक एक्सेल करायची आहे. पण त्यात धरायचं काय? बिल की दर? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
बिल नको, दर धरा. सरकारी ग्राहक किंमत निर्देशांकही तसाच चालतो : टोपली ठरलेली, तिच्यातल्या वस्तूंचे फक्त भाव बदलतात. ६० टँकर कायम ठेवा आणि त्यांना आजचा भाव लावा. ७२ हजार होतात, म्हणजे भाववाढ ३३ टक्के. उरलेले ६० हजार जास्त घेतलेल्या टँकरचे आहेत. एप्रिलची तुलना एप्रिलशीच करा, जुलैशी केलीत तर फसाल.

आणि काकांना सांगा, साडेचार टक्के हा एका वर्षाचा आकडा आहे. एप्रिल २०२२ ते एप्रिल २०२५ मध्ये तो निर्देशांक साधारण १३ टक्के वाढला. तोही धान्य, भाजी, कपडे, औषधं सगळं मिळून. २०१२ पायाभूत वर्षाच्या (ज्या वर्षाचे भाव १०० धरतात) त्या मालिकेत शहरी भागासाठी घरांच्या गटाला २१.६७ टक्के भार, म्हणजे टोपलीतला वाटा, होता खरा, पण जवळजवळ सगळा घरभाड्याचा. पाणीपट्टीच्या वाट्याला अगदी किरकोळ भाग यायचा. त्या मालिकेच्या ग्रामीण निर्देशांकात तर हा गटच नव्हता. तुमच्या टँकरचं प्रतिबिंब तिथे शोधू नका.

प्रतिसाद २
वरचं गणित बरोबर, पण मला ते अर्धंच पटतं. हे जास्तीचे ५० टँकर लोकांनी हौसेने घेतले का? नळाला पाणी कमी आलं म्हणून घेतले. समजा पालिकेचा दर तोच, टँकरचाही तोच, फक्त नळाचं पाणी निम्मं झालं. तुमची एक्सेल म्हणेल महागाई शून्य, आणि प्रत्येकाचा खिसा मात्र रिकामा! म्हणून दुसरा रकाना हवाच : नळ आणि टँकर मिळून आलेलं एकूण पाणी, त्यावरचा एकूण खर्च, आणि दर हजार लिटरमागे पडलेली किंमत. माणशी रोज १३५ लिटर आणि घरटी चार माणसं धरली, तर तुम्हाला महिन्याला साडेतेरा लाख लिटरच्या आसपास लागणार. प्रत्यक्ष वापर त्याच्या फारच वर असेल, तर आधी गळती शोधा.

प्रतिसाद ३
टाकीच्या तोंडाशी मीटर आहे का? आमच्याकडे बसवल्यावर कळलं, दहा हजारांचा टँकर नऊ हजारांतच संपतो. १,२०० रुपयांना नऊ हजार म्हणजे हजार लिटरला १३३ रुपये.

सिक्युरिटीचं म्हणाल तर किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तोही किंमत निर्देशांकावरूनच ठरतो. ती वाढ वेगळी लिहा, एजन्सीने वर लावलेलं कमिशन वेगळं. मेंटेनन्स दरमहा ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची उलाढाल २० लाखांच्या पुढे असेल, तर १८ टक्के जीएसटी लागतो. तो दरवाढीत मिसळू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मीटर ऑक्टोबरमध्ये बसवला. पहिल्या आठवड्यातले सात टँकर ८,८०० ते ९,४०० लिटरच्या मध्ये भरले. पण २०२२ मध्ये टँकर भरून येत होता की नाही, हे आता कसं कळणार?

प्रतिसाद १
नाही कळणार. ओढूनताणून जोडू नका. जुनी मालिका टँकरमागे ठेवा, ऑक्टोबरपासून नवी हजार लिटरमागे, आणि मध्ये ठळक रेघ मारा.

धागाकर्ता
मारली. दोन्ही रकाने नोटीस बोर्डावर लावलेत. रीडिंगचं काम त्याच काकांनी मागून घेतलंय, आणि काल साडेसहाला त्यांनी ८,६०० लिटरचा टँकर पावती न देता परत पाठवला. आता टँकरवाल्याची समजूत कशी काढायची, हे कोणी सांगेल का?