‘पोत’ एकच की तीन-चार वेगळे शब्द? मदत हवी आहे

काल आईसोबत साडी घेताना ती पदर चिमटीत धरून म्हणाली, “पोत बघ, किती भरीव!” घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळला. कापडाचा पोत, मातीचा पोत, हा स्पर्शाचा. पण देवीच्या गोंधळात भुत्यांच्या (देवीच्या उपासकांच्या) हातात मशालीसारखा पेटलेला असतो तोही पोत, आणि गळ्यात काळ्या मण्यांची *ती* पोत. इथे लिंगही बदलतं! संस्कृतात तर पोत म्हणजे नाव (होडी), शिवाय जनावराचं पिल्लूसुद्धा.

यातले कोणते एकाच मुळाचे? मला वाटतं, पिळलेलं सूत किंवा चिंधी हा दुवा असावा; नावेचा काही संबंध लागत नाही. मोल्सवर्थ किंवा तुळपुळे-फेल्डहाउसांचा कोश हाताशी असेल, त्यांनी नोंद टाकाल का? आणि तुमच्याकडे खरखरीत कापडाला काय म्हणतात?