पोरगं श्टुटगार्टला निघालंय, सोबत काय काय द्यावं?

प्रेषक: उदगीरहून, मुलाचे वडील

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

आमच्या थोरल्याला जर्मनीत श्टुटगार्टला एम.एस.साठी प्रवेश मिळालाय. शाखा मेकॅनिकल, सत्र ऑक्टोबरपासून. एपीएसचं प्रमाणपत्र (जर्मनीसाठी आपली पदवीची कागदपत्रं तपासून देतात ते), व्हिसाचा अर्ज, हे त्यानं पोरांच्या ग्रुपवर विचारून विचारून केलं. १८,००० रुपये भरून एपीएस हातात आलं तेव्हा वाटलं, झालं सगळं. आता कळायलंय की काहीच झालं नव्हतं.

पैशाचं सांगतो. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं म्हणे. सातबारा घेऊन बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, शेत चालत नाही, एनए प्लॉट आहे का? नऊ एकर काळी जमीन आणि त्यांच्या लेखी किंमत शून्य. शेवटी मेव्हण्याचा लातूरचा प्लॉट लावला. तरी अर्धेच पैसे कर्जाचे, बाकीचे घरचे. ब्लॉक खात्यात, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून महिन्याला थोडे थोडे सुटतात त्या खात्यात, ११,९०४ युरो भरायचेत, आणि पाठवताना टॅक्स कापणार असं बँकेतला मुलगा म्हणायलाय. हे खरं का?

दुसरं म्हणजे सामान. हिची यादी रोज वाढायलीय. कुकर, काळा मसाला, येसर (आमटीचं भाजलेलं पीठ-मसाला), शेंगदाण्याची चटणी, कुंथलगिरीचे पेढे, घरचं तूप, खोबरं. बॅगा दोनच, प्रत्येकी तेवीस किलो. मी सोयाबीन मोजायच्या काट्यावर बॅग ठेवून बघतोय. काय न्यावं, काय ठेवावं, रोख किती द्यावी, आणि विमान मुंबईचं घ्यावं का हैदराबादचं, हे कुणीतरी सांगा. १७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून मग निघायचं, एवढी आजोबांची अट आहे.

प्रेषक: जालनेकर, श्टुटगार्ट

काका, नमस्कार आणि अभिनंदन.

सोपं आधी सांगतो. विमान हैदराबादचं घ्या. उदगीरहून ते मुंबईच्या निम्म्याहून जवळ, आणि २०२४ च्या जानेवारीपासून तिथून लुफ्थान्साचं फ्रँकफुर्टला थेट विमान आहे. फ्रँकफुर्ट विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे, पुढे दीड तासाच्या आतबाहेर श्टुटगार्ट. पण शुक्रवारी रात्री पोहोचेल असं तिकीट काढू नका. शनिवारी ऑफिसं बंद, रविवारी दुकानंही बंद. तीन ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते. मंगळवार-बुधवार बरा.

टॅक्सचं: २०२५ च्या एप्रिलपासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक कापते तो टॅक्स) कापत नाहीत, आणि शिक्षणकर्जातून गेलेल्या रकमेवर तर नाहीच. घरच्या पैशातून १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर कापतील. कापलेली रक्कम प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळती होते, म्हणून पावती जपून ठेवा. अर्धे कर्जाचे, अर्धे घरचे असतील तर तुम्हाला बहुतेक काळजीच नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. मुलगा उतरल्यावर राहणार कुठे?

इथं घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी 'हा माझ्या घरात राहतो' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद नसला की नोंद नाही. नोंद नाही तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि इथलं चालू खातं नाही तर ब्लॉक खात्यातले महिन्याचे ९९२ युरो सुटत नाहीत. म्हणजे तुमचे बारा-तेरा लाख इथं येऊन पडलेले, आणि पोरगं ब्रेड खातंय.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी आलो तेव्हा एका मित्राच्या खोलीत गादी टाकून राहिलो. घरमालक सही देईना, कारण त्याच्या लेखी मी तिथं नव्हतोच. तिसऱ्या महिन्यात लॅबमध्ये काम लागलं तर, नोंद नाही म्हणून, कर क्रमांकच नाही. मग सगळ्यात वरच्या दरानं कर कापला. नंतर परत मिळाला, पण त्या महिन्याचं भाडं मी उसनवारीवर दिलं.

आणि पेटी! इथं पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. खोली नंबर, मजला, काही नसतं. माझ्या कार्डाचा पिन दोनदा परत गेला, कारण पेटीवर फक्त मित्राचं नाव. आमच्या जालन्याला नुसतं आडनाव आणि 'मारुतीच्या देवळाजवळ' लिहिलं तरी पत्र घरी यायचं, पोस्टमन वर चहाही प्यायचा. ती सवय घेऊन मी इथं आलो होतो.

म्हणून त्याला सांगा, कुकर राहू दे, आज संध्याकाळी श्टुडीरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची सोय बघणारी संस्था) वसतिगृहाचा अर्ज भर. रांग मोठी असते. नाही मिळालं तर इंटर्नशिपला बाहेर गेलेल्या पोरांच्या खोल्या तीन-चार महिन्यांसाठी मिळतात, पण नोंदीचा कागद मिळणार का हे भाड्याच्या आधी विचारायचं. खोली न बघता कुणी अनामत मागितली तर पैसे पाठवायचे नाहीत, मग फोटो कितीही सुंदर असोत.

अजून एक. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, हे आपल्याकडे सगळ्यांचंच. इथं प्रत्येक कागदावर पासपोर्टमधलं नाव जसंच्या तसं लिहायचं. वडिलांचं नाव त्यात असेल तर तेही.

हाताशी किती असावं? इथं बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, वर सत्रवर्गणी. जर्मनीत शिक्षण फुकट हे या राज्यात २०१७ पासून खरं नाही. घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी मागू शकतात. ब्लॉक खात्याच्या बाहेर साडेतीन-चार हजार युरो तरी असावेत असं माझं मत. त्यातले दोन-तीनशे रोख, बाकी कार्डावर.

प्रेषक: परभणीची काकू, फ्रँकफुर्टजवळून

जालनेकरांनी कुकर राहू दे म्हटलं, ते पुरुषमाणूस म्हणून! कुकर द्या. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा, तीन लिटरचा. ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनच्या शेगडीवर नुसता बसून राहील. एक जास्तीची रबरी रिंग आणि शिट्टी द्या, ती इथं शोधून सापडत नाही.

वहिनींना सांगा, पेढे आणि तूप नाही. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सापडलं तर काढून घेतात, दंडही करतात. कुंथलगिरीचा पेढा कस्टमवाल्याच्या डब्यात गेलेला मी बघितलाय, डोळ्यांत पाणी आलं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नका, तेलामुळे पेट घेतं म्हणून आपल्याकडच्या विमानतळावरच काढतात. पण खोबरं भाजून मसाल्यात गेलेलं माझं तरी कधी कुणी अडवलं नाही. मसाला आणि येसर द्याच. पाकिटावर काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा, नुसती काळी पूड बघून माणसं दचकतात.

तांदूळ, डाळ, गव्हाचं पीठ इथं मिळतं. ज्वारीचं पीठ मिळतं पण भाकरी थापता येईल असं नाही. दोन किलो द्या, पहिल्या थंडीत कामाला येईल.

प्रेषक: उदगीरहून, मुलाचे वडील

दोघांचेही लै आभार. पोरगं रात्रीच अर्ज भरून झोपलं. पेढ्याचं हिला सांगितलं, दोन दिवस बोलली नाही. पार्ट टाईम काम करून कर्जाचा हप्ता निघेल का, हे विचारायचं राहिलं.

प्रेषक: जालनेकर, श्टुटगार्ट

काका, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या सत्रात त्या पैशाचा हिशेब धरू नका. जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो, आणि पहिल्याच परीक्षा अवघड असतात.

प्रेषक: थोरला, श्टुटगार्टहून

नमस्कार, ज्याच्या बॅगा सोयाबीनच्या काट्यावर मोजल्या तो मीच.

मंगळवारी पोहोचलो. वसतिगृह मिळालं नाही, रांगेत आहे. इंटर्नशिपला गेलेल्या एका मुलाची खोली चार महिन्यांसाठी मिळाली, घरमालकीणबाईंच्या सहीच्या कागदासकट. नवव्या दिवशी नोंद झाली. पेटीवर त्या मुलाचंच नाव होतं. आईनं मसाल्याची पाकिटं ज्या चिकटपट्टीनं बांधली होती, तीच सोडवून खाली माझ्या आडनावाची चिठ्ठी लावली. चिठ्ठीला अजून येसरचा वास येतोय.

काल पहिलं पत्र आलं, कर क्रमांकाचं. अकरा आकडी. वर माझ्या नावापुढे बाबांचंही नाव आहे, पासपोर्टात तसंच आहे म्हणून. घरमालकीणबाईंनी विचारलं, दुसरं नाव कुणाचं? सांगितलं तर म्हणाल्या, मग तेही येतायत का राहायला?

प्रेषक: उदगीरहून, मुलाचे वडील

पत्राचा फोटो पाठव. आजोबांना दाखवायचाय. आणि पेटीवर नुसतं आडनाव लावलंस का माझं पण?