मदत हवी आहे : एकाच द्राक्षबागेत वर घड, खाली नुसत्या बाळ्या (वेलीचे तणावे). चुकलं कुठे?

रानवाट
७ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. धागा लांब होईल, आधीच माफी मागते.

निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. डॉगरिज खुंटावरची कलमं, वाय पद्धतीचा मांडव, ९ बाय ५ फुटांवर लागवड, वय नऊ वर्षं. तीन वर्षांपासून बाग मीच बघते. सासरे (आप्पा) सल्ला देतात, मिस्टरांची नोकरी आहे. बागेचे दोन तुकडे आहेत. वरचा मुरमाड, खालचा पाटाकडेचा, काळ्या जमिनीचा. आजवर खालचाच तुकडा कमावता. वेली जोमदार, पानं तळहाताएवढी.

यंदा उलटं झालंय. वरच्या तुकड्याची गोडी छाटणी (फळासाठीची) १ ऑक्टोबरला झाली, तिथे वेलीला २२ ते २५ घड मोजले. दरवर्षी ३५ च्या पुढे असतात, पण ठीक, पदरात काहीतरी पडेल. खालची छाटणी १२ ऑक्टोबरची. तिथे वेलीला सहा-सात घड. काही वेलींना तर एकही नाही. फुटी मात्र अशा पळताहेत की बघणारा म्हणेल काय बाग आहे! एकरी ९६८ वेली, सात घड, घडाला ४०० ग्रॅम धरले तरी पावणेतीन टनाच्या आतच. खर्च दहा टनाचा करून बसलोय.

आप्पांचं म्हणणं, दिवाळीनंतर पाऊस झाला त्यात घड जिरले, म्हणजे आलेले घड विरून त्यांच्या बाळ्या झाल्या. जिथून औषधं घेतो तो दुकानदार म्हणतो अन्नद्रव्यं कमी पडली, आणि तीन बाटल्यांची यादी दिलीय. शेजारच्या भाऊंची बाग बांधाला बांध लागून आहे, पाऊस त्यांनाही तोच. त्यांना तीसेक घड आहेत.

माझे प्रश्न दोन. घड जिरले की मुळात आलेच नव्हते, हे ओळखायचं कसं? आणि आता त्या तुकड्याचं काय करू? बाटल्या अजून आणलेल्या नाहीत.

खुंटकाडी

बाटल्या आणू नका. बाकीचं नंतर.

गोदाकाठ

ताई, ऑक्टोबरच्या तारखा दिल्यात. एप्रिलच्या कुठेत? दोन्ही तुकड्यांची खरड छाटणी (माल निघाल्यावरची, नव्या काड्यांसाठीची) कधी झाली ते सांगा, आणि शेजारच्या भाऊंचीही विचारा. सबकेन (काडीचा शेंडा मारून बगलेतली फूट पुढे वाढवणं) केली होती का, शेणखत-युरिया किती, ऑक्टोबरला काडीच्या कितव्या डोळ्यावर (कोंबावर) कापलं, तेही सांगा. सध्याचा पाऊस थोडा वेळ बाजूला ठेवू.

रानवाट

वरची २४ मार्चला. खालची २२ एप्रिलला. नणंदेचं लग्न होतं, छाटणीची टोळी मिळाली नाही, म्हणून महिनाभर लांबली. भाऊंची मार्चअखेरची.

सबकेन दोन्हीकडे केली, सातव्या पानावर शेंडा मारून. शेणखत दोन्हीकडे चार ट्रॉल्या. खाली मेअखेर ड्रिपमधून युरिया दोनदा जास्त गेला, कारण वेल मागे आहे, तिला वरच्या तुकड्याच्या बरोबरीला आणू असं मला वाटलं. (लिहिताना आत्ताच पोटात गोळा आलाय.)

ऑक्टोबरला टोळीने सरसकट सहा-सात डोळ्यांवर कापलं. डोळे तपासणी केली नव्हती.

गोदाकाठ

आता बोलता येईल. जरा सविस्तर लिहितो, कारण यंदा हा प्रश्न घराघरात आहे.

आज जो घड दिसतो तो ऑक्टोबरात तयार होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत तो काडीवरच्या डोळ्याच्या आत तयार होतो. आपण त्याला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतो. डोळ्याच्या आत एक बारीक अंकुर असतो, त्याचं घडही होऊ शकतं आणि बाळीही. भरपूर ऊन, ऊब, वाढ थोडी थांबलेली आणि काडीत साठा असला की तो घडाकडे वळतो. अभाळ, ओल, नत्र आणि शेंड्याची पळापळ असली की बाळीकडे. म्हणून तर त्या दिवसांत आपण सिक्स बीए हे संजीवक मारतो, सीसीसी या रसायनाने वाढ रोखतो. (सीसीसी जपूनच. २०१० साली त्याच्या अंशांवरून युरोपात आपले कंटेनर अडकले होते, ते जुन्या लोकांना आठवत असेल.)

आता तुमच्या तारखा मांडा. वरचा तुकडा २४ मार्च, म्हणजे त्याचे ते दिवस ३ मे ते २३ मे. मेच्या पावसाने त्यातले काही बिघडवले, पण काही साधले. खालचा २२ एप्रिल, म्हणजे १ जून ते २१ जून. यंदा मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत आला. तुमच्या खालच्या तुकड्याने ते वीस दिवस अभाळाखाली काढले. त्यात काळी जमीन, डॉगरिजसारखा जोमाचा खुंट आणि वरून तुमचा युरिया.

दिवाळीनंतरच्या पावसाने जिरवले असतील ते उरलेल्यातले. ओळखायचं असं. फुटीवर चौथ्या-पाचव्या पानासमोर घडाची जागा असते. तिथे नुसती स्वच्छ बाळी असेल तर ती बहुधा डोळ्यातच ठरली होती. बाळीला मधेच दोन-चार कळ्यांचा गुच्छ लटकत असेल, किंवा अर्धा घड आणि पुढे बाळीचं शेपूट असेल, तर घड होता आणि फुटल्यावर जिरला. उद्या सकाळी वीस फुटी मोजा.

तासगावकर

आमच्याकडे यंदा याहून वाईट अवस्था आहे. ऑक्टोबरला छाटायचीच कशाला म्हणून काहींनी बाग सोडून दिली. बेदाण्यावाल्यांचे हाल वेगळेच.

गोदाकाठ यांच्या म्हणण्यात एक भर. मे-जूनमध्ये दुपारी बाराला वेलीखाली उभं राहून जमिनीकडे बघायचं. सावलीत कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. जमीन नुसती काळी दिसली तर आतल्या डोळ्यांना ऊन नाही, मग वर कितीही लखलखीत असो. माझ्या वडिलांना ना पीपीएम माहीत होतं ना सिक्स बीए, पण मेमध्ये जेवायच्या आधी बागेत एक चक्कर ठरलेली. दाट दिसलं की जागेवर फुटी काढायचे.

अर्धा एकर

बागेवर प्लास्टिक टाका, सगळे प्रश्न मिटतात.

तासगावकर

पाऊस अडतो. ऊन वाढत नाही, उलट थोडं कमीच होतं. आणि खर्चाचं बोलूच नका.

रानवाट
८ नोव्हेंबर

सकाळी दव होतं तोवर मोजून आले. ओळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा वेली धरल्या. खाली वीस फुटींपैकी पाचवर घड. तीनवर ते कळ्यांचं शेपूट, एकावर तर बाळी अगदी स्प्रिंगसारखी वळलेली आणि टोकाला मोहरीएवढ्या चार कळ्या. बाकी बारा स्वच्छ बाळ्या.

म्हणजे बारा घड जूनमध्येच गेले आणि तीन ऑक्टोबरात. आप्पांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, बाळी तोडून तोंडात टाकली आणि चघळत निघून गेले.

आणखी एक दिसलं. काही काड्यांवर सबकेनच्या गाठीपर्यंत कापलंच नाही, तर काहींवर गाठीच्या पुढे चार डोळे ठेवलेत. जिथे गाठीच्या लगेच पुढचा डोळा शेवटचा आहे तिथे घड जास्त वाटले. हा माझा भास का?

गोदाकाठ

भास नाही. शेंडा मारल्यावर वाढ जिथे थबकते तिथे काडीत साठा राहतो, म्हणून गाठीजवळचे डोळे जास्त घडाचे. सबकेन असेल तर गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून कापायचं, सरळ काडी असेल तर सहाव्या-सातव्यावर. टोळीला एकच माप सोपं पडतं, कारण त्यांना एकरावर पैसे. तिथे आपणच उभं राहावं लागतं. सप्टेंबरात पंधरा-वीस काड्या तपासायला दिल्या असत्या, तर कुठल्या डोळ्यात घड आहे ते आधीच कळलं असतं आणि दहा टनाचा खर्चही आधीच थांबवता आला असता. हे टोचून बोलत नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलंय.

खुंटकाडी

आता या वर्षाचं. मी आधी तुटक बोललो, कारण बाटल्यांवर गेलेले पैसे परत येत नाहीत. बाळीचा घड कुठल्याच बाटलीने होत नाही.

खालच्या तुकड्यात आता धोका उपाशी राहण्याचा नाही, अतिखाण्याचा आहे. घड सहा आणि मुळं चाळीस घडांची. वेल सगळा जोर फुटीत काढणार, बगलफुटी येणार, आत दाटी होणार. मग फुलोऱ्यात गळ आणि कूज, आणि दमट अंधारात डाऊनी हा बुरशीरोग. म्हणून नत्र पूर्ण बंद. पाणी कमी करा, काळ्या जमिनीत तर निम्मं पुरे, माती हातात घेऊन बघा. वांझ फुटींपैकी काटकुळ्या आणि आत घुसलेल्या काढून टाका. बाकीच्या ठेवा, पण शेंडे मारून. सगळ्या काढल्या तर उरलेल्या फुटी आणखी पिसाटतील, आणि पुढच्या वर्षाचा साठा करायला पानंही लागतात. घडाच्या फुटीला पंधरा-सोळा पानं झाली की शेंडा मारा.

आणि घड थोडे आहेत म्हणून विरळणी चुकवू नका, सगळे हीच चूक करतात. "आधीच कमी, त्यात मणी काय काढायचे" म्हणतात. मग घड होतो ढब्बू, आतले मणी दबलेले, बाहेरचे फुगलेले, आणि जानेवारीत निफाडचा गारठा पडला की तडे. सहाच घड असतील तर सहाच्या सहा निर्यातीचे करा. मणी १८ मिलिमीटर, गोडी १८ ब्रिक्स, सगळे एकसारखे. जीए या वाढीच्या संजीवकाचं माप मात्र नेहमीच्या जोमावर ठरवू नका. वेल आधीच मातलीय. पोपटी अवस्थेत (घड कोवळा, पोपटी रंगाचा असताना) घडाची लांबी बघून हात आखडता ठेवा.

फवारणी मात्र दहा टनाची असो की तीनची, तेवढीच लागते. तिथे वाचवायला गेलात तर भुरीचा रोग उरलेलंही नेईल.

रानवाट

हे सगळं कागदावर उतरवून फ्रिजला लावलंय. एक शेवटचा प्रश्न. पुढच्या एप्रिलला दोन्ही तुकडे एकाच वेळी घेऊ का? खालचा माल फेब्रुवारीच्या शेवटी निघेल असं वाटतं.

गोदाकाठ

माल निघाल्यावर वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती द्या, त्यात पाणी-खत चालू ठेवून. म्हणजे २० मार्चच्या आसपास खरड छाटणी करता येईल. आधी खालचा तुकडा घ्या. काळी जमीन पाऊस धरून ठेवते, त्याला उन्हाचे दिवस जास्त मिळाले पाहिजेत. मुरमाड चार-आठ दिवस मागे राहिला तरी निभावतो. युरिया टाकायचाच तर छाटणी ते नऊ पानं एवढ्यातच, आणि तोही देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) बघून.

टोळीला आत्ताच सांगून ठेवा. मार्चमध्ये सगळेच लवकर छाटायला धावणार आहेत, यंदा पोळलेत ना.

खुंटकाडी

आणि घरात लग्न काढू नका.

रानवाट

😄 धाकटा दीर उरलाय. सासूबाईंना डिसेंबरचे मुहूर्त बघायला सांगते.

वांझ फुटी काढायला चार बायका परवा येताहेत. पहिली ओळ मी आणि आप्पा करून दाखवणार आहोत, संध्याकाळी आधीचा आणि नंतरचा फोटो इथेच टाकते. जास्त काढलं असं वाटलं तर लगेच सांगा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या ओळी आहेत.